पैनगंगेच्या खोऱ्यात सायकलची वाट

हॉस्टेलच्या सायकल स्टँडवर हल्ली काळ्या सायकलींपेक्षा गिअरवाल्याच जास्त दिसतात. जाड टायर, पुढे शॉकअप, डिस्क ब्रेक, सरळ हँडल. घेणाऱ्याला विचारा, ही कशासाठी रे? उत्तर येतं, "माउंटन बाइक आहे ना!" मग माउंटन कुठे आहे असं विचारलं की तो मेसकडे बघतो. त्याची तरी काय चूक? गोदावरीकाठचा आपला भाग म्हणजे पोळपाट. मी अर्धापूरचा. आमच्याकडे सगळा केळीचा मुलूख, आणि नांदेडला येताना चढ म्हणावा तर तो आसना नदीच्या पुलाचा.

पण याच जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला किनवट-माहूरकडे पैनगंगेचं खोरं आहे. नदीच्या अलीकडे नांदेड, पलीकडे यवतमाळ, दोन्ही काठांना सागाचं जंगल. तिथे डोंगर आहेत, घाट आहेत, ओढे आहेत आणि पायवाटा तर मोजता येणार नाहीत इतक्या आहेत. आमच्या सायकल ग्रुपमध्ये दोन वर्षांपासून एक विषय चघळला जातोय. पुण्याचे, हैदराबादचे सायकलवाले या खोऱ्यात आणता येतील का? त्यांच्यासाठी ट्रेल करता येईल का? येत्या हिवाळ्यात पहिली तुकडी बोलवायचीच, असं काहींनी ठरवूनही टाकलंय. माझं मत थोडं वेगळं आहे, ते पुढे येईलच. आधी ट्रेल म्हणजे नेमकं काय ते समजून घेऊ, कारण बऱ्याच जणांना वाटतं की जंगलात सायकल घातली की झाला ट्रेल.

हा खेळ सुरू झाला तो अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत. तिथली काही पोरं जुन्या, जड, बलून टायरच्या सायकली डोंगरावर चढवायची आणि कच्च्या रस्त्याने सुसाट खाली यायची. १९७६ साली त्यांनी त्याची शर्यत लावली. तिचं नाव 'रिपॅक'. साधारण साडेतीन किलोमीटरमध्ये चारशे मीटर उतार. त्या सायकलींना मागच्या हबमधला ब्रेक असायचा, पॅडल उलटं दाबलं की लागणारा. एका उतारात तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा, आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून ग्रीस पुन्हा भरावं लागायचं. पुन्हा भरणं म्हणजे रिपॅक, म्हणून ते नाव. थर्मोडायनॅमिक्सला कंटाळलेल्यांसाठी छोटं गणित : माणूस आणि सायकल मिळून ८० किलो, उतार १०० मीटर, वेग वाढू न देता खाली आलात तर ब्रेकमध्ये सुमारे ७८ किलोज्यूल ऊर्जा जाते. तेवढ्यात पाव लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत येतं. रिपॅकला याच्या चौपट, म्हणजे लिटरभर पाणी उकळेल इतकी उष्णता एका हबमध्ये!

याच मंडळींतल्या जो ब्रीझने १९७७-७८ च्या सुमारास खास या कामासाठी फ्रेम बनवल्या, गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ मध्ये धंदा सुरू केला, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकिंग दाखलही झालं. आशियाई अजिंक्यपद स्पर्धा २०२३ मध्ये केरळात पोनमुडीला भरली होती. म्हणजे खेळ आपल्या दारापर्यंत आलेला आहे. पण इतिहासातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. खेळ वाढला तशा त्याच कॅलिफोर्नियात चालणाऱ्यांच्या आणि घोडेस्वारांच्या तक्रारी वाढल्या आणि एकेक वाट सायकलींना बंद होऊ लागली. त्यातून १९८८ मध्ये 'इंबा' ही सायकलस्वारांची संघटना उभी राहिली. वाट कशी बांधली म्हणजे ती टिकेल आणि भांडणं होणार नाहीत, याचे नियम तिने लिहून काढले. हे नियम वाचले तेव्हा मी चाटच पडलो, कारण निम्मे आपल्या सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाचेच आहेत.

ट्रेलचा खरा शत्रू सायकल नाही, पाणी आहे. डोंगरावरून पाणी सगळ्यात तीव्र उताराच्या दिशेने धावतं. आपली वाटही त्याच दिशेने सरळ खाली गेली तर पाण्याला आयता नाला मिळतो. पहिल्या पावसाळ्यात घळ, दुसऱ्यात ओढा. मग लोक घळीच्या बाजूने चालतात, तिथे नवीन घळ. माहूरच्या बाजूला कुठल्याही डोंगरावर अशा तीन-तीन समांतर वाटा दिसतील, त्यातल्या दोन मेलेल्या. म्हणून पहिला नियम : वाट डोंगराला आडवी न्यायची आणि तिचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त ठेवायचा नाही. डोंगराचा उतार २४ टक्के असेल तर वाट जास्तीत जास्त १२ टक्के. त्यातही सरासरी १० टक्क्यांच्या आतच बरी. गंमत अशी की सौम्य माळावर हा नियम जास्त कडक होतो. माळाचा उतार १० टक्के असेल तर वाट ५ टक्क्यांच्या वर गेली की बिघडली. सपाट दिसणारी जागा सोपी वाटते, पण तिथे पाणी वाटेवरून बाजूला उतरतच नाही, साचतं किंवा वाटेवरूनच पळतं.

दुसरं, वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला थोडा झुकता ठेवायचा, पाचेक टक्के. वरून आलेलं पाणी वाट ओलांडून पातळ थरात खाली निघून गेलं पाहिजे. आपण रस्त्याला कॅम्बर देतो तसंच, फक्त एकाच बाजूला. तिसरं, साधारण दर पंधरा-वीस मीटरवर वाट थोडी वर उचलायची आणि पुन्हा खाली घ्यायची. त्या खोलगटात पाणी बाहेर पडतं. सायकलवाल्याला तीच लाट झोपाळ्यासारखी वाटते, म्हणजे दुहेरी फायदा. आणि चौथं, वाट डोंगरात कापून पक्क्या जमिनीवर घ्यायची. खोदलेली माती दरीकडच्या कडेला टाकून त्यावर अर्धी वाट काढली की पावसाळ्यात ती कडा सायकलसकट खाली जाते. हे भरावाचं प्रकरण आपल्याकडच्या अनेक घाटरस्त्यांनाही लागू आहे, असो.

हे आखायला टोटल स्टेशन लागत नाही. पाणलोटाच्या कामात सलग समतल चर खणताना वापरतात ती ए-फ्रेम पुरते. बांबूचे दोन पाय, मध्ये आडवी काठी, वरच्या टोकाला ओळंबा. पायांतलं अंतर बरोबर २ मीटर ठेवा. आधी समपातळीची खूण : फ्रेम जमिनीवर ठेवा, दोरी आडव्या काठीला जिथे टेकते तिथे खूण करा, पायांची अदलाबदल करून पुन्हा खूण करा, दोन्हींच्या मधोमध समपातळी. आता सपाट जागेवर एका पायाखाली १२ सेंटिमीटरचा ठोकळा ठेवा. दोरी जिथे येईल ती ६ टक्क्यांची खूण, कारण २०० सेंटिमीटरला १२. ही फ्रेम घेऊन दोन जण डोंगरावर निघाले की पावलागणिक ६ टक्क्यांची रेघ आखत जाता येतं. फक्त ठोकळ्याचा पाय कुठला तो रंगवून ठेवा, नाहीतर चढाच्या जागी उतार आखून बसाल. वॉटर कप स्पर्धेच्या वर्षांत (२०१६ ते २०१९) समतल रेषा काढायला शिकलेली पोरं मराठवाड्यात गावोगाव आहेत. ट्रेल आखायला परदेशी तज्ज्ञ आणायची गरज नाही, ते बांधावर बसलेले आहेत.

आता आपली माती. हा विषय परदेशी पुस्तकांत सापडत नाही म्हणून जरा थांबतो. काळी माती म्हणजे मॉन्टमोरिलोनाइट, पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगा पडतात, एवढं सॉइल मेकॅनिक्सच्या व्हायव्हाला सगळेच सांगतात. सायकलवर त्याचा अर्थ असा : ओल्या काळीत पन्नास फूट गेलात की चाकाला दामट्या चिकटतात, फोर्क आणि टायर यांच्यातली जागा भरते आणि चाक फिरायचं थांबतं. मग सायकल खांद्यावर. इतकंच नाही, त्या ओल्या मातीत पडलेली चाकोरी वाळल्यावर सिमेंटसारखी कडक होते आणि पुढचे सहा महिने बैलगाडीवाल्याला, डोक्यावर मोळी घेतलेल्या बाईला तिच्यातूनच जावं लागतं. मुरमाची गोष्ट उलट. पाणी लवकर निचरतं, चाकाला पकड मिळते, पाऊस थांबल्यावर एक-दोन दिवसांत वाट कोरडी. म्हणजे आपल्याकडे ट्रेल खोऱ्याच्या तळाशी, नदीकाठच्या काळीत करायचाच नाही. तो डोंगराच्या खांद्यावर, मुरमाच्या पट्ट्यात पाहिजे. नकाशावर नदीकाठची वाट कितीही सुंदर दिसली तरी.

आणि पावसाळ्यात बंद. पूर्ण बंद. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला. त्यानंतर सागाची पानं गळतात. सुपाएवढं वाळकं पान, त्याखाली दगड आहे की खड्डा ते दिसत नाही, आणि एका बिडीने डोंगर पेटतो. एप्रिल-मेमधल्या उन्हाबद्दल किनवटकडच्या मित्रांना विचारा. थोडक्यात, पाहुण्यांचा सीझन चार महिन्यांचा. यावर रिसॉर्ट चालत नाही, हे स्वप्न बघणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्यावं.

जागा कोणती, हा पुढचा प्रश्न. सहस्रकुंडचा धबधबा सगळ्यांना माहीत आहे, इस्लापूरजवळ, पैनगंगेवर. माहूरला रेणुकादेवी, दत्तशिखर, अनसूया, शिवाय किल्ला आणि लेणी. उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे. म्हणजे पाहुण्याला दोन दिवस थांबायला कारण आहे, माहूरला राहायची सोयही आहे. मुदखेडहून भोकर, हिमायतनगर, किनवट असा रेल्वेमार्ग असल्याने सायकल पार्सल ऑफिसात बुक करून ब्रेकव्हॅनमध्ये टाकता येते. हे सगळं ठीक.

पण याच खोऱ्यात पैनगंगा अभयारण्य आहे, आणि इथे आमच्या ग्रुपमध्ये जोरात वाद होतात. "रस्ता आहे, आपण जाऊ, कोण बघतंय?" असं म्हणणारे आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम २७ सांगतं की अभयारण्यात कोणीही मनाला येईल तेव्हा शिरू शकत नाही. कलम २८ प्रमाणे पर्यटनासाठी परवाना लागतो. साधं राखीव जंगल असलं तरी १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली विनापरवाना शिरणं हा गुन्हाच. आणि वनजमिनीवर नवीन बांधकाम करायचं तर १९८० चा वन संवर्धन कायदा, ज्यात २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन नावही बदललं, तो आडवा येतो. हे कलमांचं पुराण लावतोय कारण पकडले गेलो तर दंड आपण भरू, पण त्यानंतर जंगलाची वाट सगळ्यांनाच बंद होते.

कायदा बाजूला ठेवला तरी जनावरं आहेतच. अस्वल, बिबट्या, नीलगाय. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला रेडिओ कॉलरवाला तरुण वाघ तेराशेहून जास्त किलोमीटर चालून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याचा प्रवास आपल्या नांदेड-हिंगोलीच्या पट्ट्यातून झाला. सायकलचा आवाज येत नाही, हा तिचा जंगलातला मोठा दोष आहे. वळणावर अस्वलाला आपली चाहूल लागत नाही आणि आपल्याला त्याची. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की अभयारण्याच्या आत ट्रेल नकोच. बाहेरच्या जंगलात, गावाला लागून असलेल्या डोंगरांवर करावा, आणि दिवस मावळायच्या आत सगळ्यांनी गावात परत यावं.

गावाला लागून म्हटलं की गाव आलं. किनवट आणि माहूर हे अनुसूचित क्षेत्रातले तालुके. आंध, गोंड, कोलाम, बंजारा अशी वस्ती. ज्या वाटांना आपण ट्रेल म्हणतो त्या यांच्या रोजच्या वाटा आहेत, मोहाला जायच्या, पाण्याला जायच्या, ढोरं चारायला न्यायच्या. मागच्या वर्षी आम्ही चार जण इस्लापूरच्या पुढे एका वाडीवर गेलो होतो, नुसतं बघायला. डोंगर उतरून आलेल्या वाटेवर मोटरसायकलींनी गुडघाभर घळ पाडली होती. एक आजी तीन गाई घेऊन वर निघाल्या होत्या. आम्ही काय करतोय ते त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या सायकली आल्यावर मी ढोरं कुठून नेऊ, बापू?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. आमच्यातला एक म्हणाला, "आजी, सायकली थांबतील, ढोरं आधी." त्यावर त्या म्हणाल्या, "ढोरं आधी म्हणून सायकलीला कोण सांगंल?"

प्रश्न बरोबर आहे. उतारावर तीसच्या वेगाने येणाऱ्या, हेल्मेटमध्ये कानात गाणी घातलेल्या पाहुण्याला सांगणार कोण? माझ्या मते सांगण्याचा अधिकार ज्याचा, ट्रेल त्याचा. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मागता येतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये तो मिळवला आणि पुढे स्वतःच्या बांबूची विक्री स्वतः केली. बांबूचा लिलाव जी ग्रामसभा करू शकते ती सायकलची वाट का चालवू शकणार नाही? किती सायकली सोडायच्या, कुठल्या दिवशी सोडायच्या, मोहाच्या दिवसांत बंद ठेवायचं की नाही, हे तिने ठरवावं. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या सीझनमध्ये आसपासच्या गावांच्या समितीमार्फत शुल्क घेतात आणि रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा ठेवतात. म्हणजे राज्यात नमुना आहे.

माझा प्रस्ताव म्हणूनच छोटा आहे. पहिल्या वर्षी पाहुणे नकोत. एका गावाशी बोलून, वनखात्याला लेखी विचारून, एक मेलेली वाट दुरुस्त करायची. दोन-तीन किलोमीटर. चढ ६ टक्क्यांवर आणायचा, पाणी काढून द्यायचं, आणि जिथे वळण आंधळं आहे तिथे मुद्दाम दगड रोवून वाट अरुंद करायची, म्हणजे वेग आपोआप कमी होतो. ढोरांची वाट शक्य तिथे वेगळी काढायची. एक पावसाळा जाऊ द्यायचा. वाट टिकली, गावाला हवी वाटली, तर मग पुणे-हैदराबाद. ग्रुपमधल्या काहींना हे फार हळू वाटतं. त्यांचं म्हणणं असं की एक मोठी शर्यत घेतली, फोटो आले की सरकार आपोआप रस्ता करील. करील की! डांबरी करील, पंधरा फूट रुंद.

बाहेरचा अनुभवही घाईच्या बाजूने नाही. वेल्समध्ये कोइड-अ-ब्रेनिन नावाचं नदीखोऱ्यातलं सरकारी जंगल आहे. १९९० च्या दशकात तिथे खास माउंटन बाइकसाठी वाटा बांधल्या, ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच. लांबून लोक येऊ लागले, कॅफे झालं, दुकान झालं. २०२५ च्या मार्चअखेर तिथल्या सरकारी खात्याने पैशाच्या अडचणीमुळे कॅफे आणि दुकान चालवणं बंद केलं. वाटा मात्र चालू राहिल्या. उत्पन्न इमारतीवर अवलंबून ठेवलं की काय होतं ते यात दिसतं. आपल्याकडे इमारत बांधायचीच कशाला? गावात दोन पोरांना पंक्चर काढायला आणि ब्रेक लावायला शिकवावं, एक-दोन घरांनी भाकरी-पिठलं करावं, रात्री पाहुणे माहूरला किंवा किनवटला मुक्कामी.

ज्यांना तोवर दम निघत नाही त्यांच्यासाठी जवळची दोन ठिकाणं. एक, वडेपुरीची रत्नेश्वरी, लोह्याच्या रस्त्याला. रविवारी सकाळी हॉस्टेलवरून जाऊन मेसच्या जेवणापर्यंत परत येता येतं. डोंगर लहान आहे पण मुरूम, गोटे आणि वळणं यांची ओळख होते. देवीला येणाऱ्यांची गर्दी असेल तर सायकल खाली लावून पायी जा. दुसरं म्हणजे इसापूर प्रकल्पाच्या कालव्यालगतचे कच्चे रस्ते, आमच्या अर्धापूरकडचे. कालव्याचा उतार अगदी नगण्य असतो, त्यामुळे त्यालगतच्या रस्त्यालाही चढ नाही, नुसता दम वाढवायला उत्तम. मात्र ते खात्याच्या तपासणीचे रस्ते आहेत, गेट किंवा पाटी असेल तिथून परत फिरा. आणि पाणी सोडलेलं असताना कालव्यात हातपाय धुवायलाही उतरू नका. अस्तरीकरण केलेल्या कालव्याच्या बाजूंवर शेवाळ असतं, पाय घसरला की वर यायला धरायला काही नसतं.

सामानाचं थोडक्यात. टायरमध्ये हवा ठासून भरू नका. सव्वादोन इंची टायरला ३० पीएसआयच्या आसपास पुरे, म्हणजे तो दगडाला बिलगतो, उडत नाही. पण आपल्याकडे बाभळीचा काटा आणि सराटे यांच्यापुढे कुठलाही कंपनीचा टायर टिकत नाही, तेव्हा दोन ट्यूब, पॅच आणि पंप जवळ ठेवा. पाणी माणशी तीन लिटर. हेल्मेटबद्दल वाद नको. खायला शहरातली मुलं शंभर-शंभर रुपयांचं एनर्जी जेल आणतात. मध्यम केळ्यात शंभरेक कॅलरी असतात आणि तिला निसर्गाने पॅकिंगही दिलेलं आहे. अर्धापूरहून घड मी आणीन, फक्त साल जंगलात टाकायची नाही. माकडांना सवय लागली की ती पुढच्या सायकलवाल्याची पिशवी सोडत नाहीत.